कुंडीच्या आकाराची माती

कृती

"बाई, ही निघतच नाहीये!"

"उलटी कर. बुडावर थापट. हळू गं, ढोल नाही तो."

वर्गातल्या बडबडीने कुंडी वर्तमानपत्रावर उलटी धरून थापट्या मारल्या. काही नाही. शेवटी बाईंनीच ती दोन्ही हातांत घेतली आणि काठ बाकाच्या कडेवर आपटला. आतून धप्प असा आवाज आला आणि सगळी माती एकदम बाहेर आली. पसरली मात्र नाही. खाली रुंद, वर निमुळती, तशीच उभी राहिली. काठाच्या आतल्या पट्टीची खूणसुद्धा तिच्या अंगावर उमटली होती.

सगळा वर्ग बाकाभोवती जमला.

"बाई, कुंडी काढली तरी कुंडीच!" चष्मिस म्हणाला.

पोरं खिदळली. बाईही हसायला गेल्या, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

साहित्य

वाळू. समोरच्या बांधकामावरून, मुकादमाच्या कटकटीसकट.

चिकणमाती. पाइपलाइनसाठी खणलेल्या खड्ड्यातून. इतकी चिवट की पिशवीला सोडेना.

पोयटा. इथे अडलं. मैदानावर फरशा कधीच बसल्या होत्या. मुलांचे कपडे मळत नाहीत म्हणून पालक खूश होते. कुंपणालगत तेवढा मातीचा एक पट्टा उरला होता आणि दरवर्षी बाई तिथूनच माती घ्यायच्या. काल कामगारांनी तोही झाकला. म्हणून आज सकाळी, आई आंघोळीला गेलेल्या असताना, बाईंनी गॅलरीतली कुंडी उचलून पिशवीत घातली.

आई म्हणजे सासूबाई. कुंडी त्यांच्या मुलाची, बाईंच्या नवऱ्याची. त्याने तीत लिंबाचं रोप लावलं होतं. तो गेला, पुढच्या उन्हाळ्यात रोपही गेलं. आईंनी वाळलेलं खोड कापून टाकलं, पण पाणी घालणं सोडलं नाही. रोज संध्याकाळी तांब्याभर. ते पाणी वर तसंच तळं करून राहायचं. आई त्याच्याकडे बघत बसायच्या आणि बाई त्यांच्याकडे.

संध्याकाळच्या आत कुंडी जागेवर ठेवली की झालं, असा बाईंचा हिशोब होता.

साहित्यात न धरलेलं: एक उत्तर. आज शाळा सुटेपर्यंत द्यायचं होतं.

गावाबाहेर नदीकाठी मातीचं केंद्र निघत होतं. शाळाशाळांतली मुलं तिथे राहायला येणार, खणणार, कोपरापर्यंत चिखलात हात घालणार. त्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं, पण तिथेच राहणारं. एक खोली, एक खाट. जन्मभर वर्तमानपत्रावर माती ओतून शिकवणाऱ्या बाईंचं नाव शाळेच्या मोठ्या बाईंनीच सुचवलं होतं. घरी बाईंनी विषयसुद्धा काढला नव्हता. आईंचे गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर. जिना त्या कित्येक वर्षांत उतरल्या नव्हत्या. नणंदेला फोन करून बघितला, तर ती म्हणाली, "अगं वहिनी, तुझ्याशिवाय आईचं पान हलत नाही." म्हणजे नाही.

निरीक्षण

"पाणी शिंपडा. मुठीत दाबा. आता वळकटी करा आणि वाकवून कडं करायला बघा."

वाळूची वळकटी झालीच नाही. "हिला काही धरवतच नाही," बडबडीने निकाल दिला. चिकणमातीचं कडं गुळगुळीत झालं. चष्मिसाने ते मनगटात घातलं आणि सगळ्यांना दाखवत फिरला.

"चिकणमातीत पाणी ओतलं तर?" बाईंनी विचारलं.

"बसून राहील."

"आणि वाळूत?"

"पळून जाईल!"

"मग झाडाला कुठली आवडेल?"

"थोडं धरणारी, थोडं सोडणारी," बडबडी म्हणाली आणि कुंडीच्या मातीकडे वळली. "ही का, बाई?"

ही कधीकाळी तशी होती. आता तिच्यात नख शिरत नव्हतं. बाईंनी पट्टीच्या टोकाने कड उकरली. आत मुळं होती, वाळून तारेसारखी झालेली. एकही सरळ नाही. भिंतीपाशी पोचून वळलेली, मग पुन्हा वळलेली, गोल गोल, एकमेकांवर.

"बाहेर का नाही गेली?" कुणीतरी विचारलं.

"कुठून जातील? कुंडी होती ना."

"खाली भोक असतं की!" बडबडीने कुंडी डोळ्यापुढे धरली. "बंद आहे." तिने पेन्सिल खुपसली. मुळांचा बोळा टपकन खाली पडला आणि भोकातून तिचा डोळा बाईंकडे बघायला लागला. "बाई, दिसताय तुम्ही!"

मग बाईंनी कुणालाच अडवलं नाही. पोरांनी ढेकूळ फोडलं, मुळं निवडली, भुगा केला, हाताला लागली म्हणून मूठभर वाळूही घातली. कोपरापर्यंत बरबटलेल्या त्या हातांकडे बघता बघता बाईंच्या मनात ठरून गेलं. सांगून टाकायचं, हो म्हणून. खालच्या शिंप्याच्या बायकोला दोन वेळा वर डोकवायला सांगता येईल. सुट्टीला आपण येऊच. जमेल.

"बाई, अनुमान काय लिहायचं?"

घंटा झाली. अनुमान राहिलं.

कृती (पुन्हा)

मातीने भरलेली कुंडी काखेत घेऊन बाई ऑफिसात शिरल्या.

"या या. हात तर बघा तुमचे!" मोठ्या बाई हसल्या. "बोला, काय ठरलं?"

"मी..."

पर्समधला फोन वाजला. शिंपी. तो कधी फोन करत नसे.

"ताई, घाबरू नका हं. आजी खाली उतरल्यात. पायरीवर बसल्यात. वर चढवत नाही म्हणतात. मी धरतो म्हटलं तर माझ्यावरच ओरडल्या."

"आलेच मी."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने ठेवला.

"जा तुम्ही. समजले मी. दुसऱ्या कुणाला विचारते, मनाला लावून घेऊ नका."

नाही, तुम्ही नाही समजलात, एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी कुंडी दुसऱ्या काखेत घेतली आणि त्या निघाल्या.

आई सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या. एका पायात चप्पल.

"कुंडी कुठाय?"

"ही काय, माझ्याकडे."

"मला वाटलं चोरीला गेली."

"माती कोण चोरणार, आई?"

"तू."

शिंपी हसला आणि लगेच आत गेला.

"सांगायचं तरी मला," आई म्हणाल्या.

"दिली असतीत?"

"नसती."

एका काखेत कुंडी, दुसऱ्या हातात आईंचं कोपर. प्रत्येक वळणावर थांबत.

"उतरलात कशा पण?"

"रागात गुडघे दुखत नाहीत गं. आता राग गेला, आता दुखतायत."

दुसऱ्या मजल्यावर त्या भिंतीला टेकल्या. जिन्याच्या जाळीतून रस्ता दिसत होता. आई त्याच्याकडे नवीन काही दिसावं तशा बघत राहिल्या.

"आई, एक विचारायचं होतं."

"वर गेल्यावर विचार. दम घेऊ दे."

वर आल्यावर आईंनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. आधी तांब्या भरून गॅलरीत. बाईंनी कुंडी जागेवर ठेवली, आईंनी पाणी ओतलं आणि तळं व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या. तळं झालंच नाही. माती काळी झाली, आणि थोड्या वेळाने कुंडीखालून एक बारीक धार निघून फरशीवरून त्यांच्या पायापाशी आली.

"फुटली का गं?"

"नाही. भोक मोकळं झालं."

आई त्या धारेकडे बघत होत्या. त्यांनी पाऊल मागे घेतलं नाही.

"मग आता पाणी राहणार कसं?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या. मांडणीवरची भांडी वाजली.

"काय विचारायचं होतं तुला?" आईंनी बाहेरून हाक दिली.

"काही नाही. ताटली कुठली घेऊ? कड उडालेली घेते."

बाई खाली बसल्या. एका हाताने कुंडी तिरकी करून दुसऱ्या हाताने त्यांनी ताटली खाली सरकवली. नखांतली माती अजून निघाली नव्हती. ताटलीत पाणी टपकायला लागलं, आधी गढूळ, मग जरा नितळ. ते थांबेपर्यंत दोघी तिथेच होत्या.