कॉम्प्रेसरची शेड

ठाकुर्लीपलीकडच्या दगडखाणीत प्रभाकर एकेकाळी डंपर चालवायचा. डोंबिवलीत भराभर इमारती उठत होत्या, त्यातल्या कितीतरी इमारतींची खडी इथूनच जायची. मग एका दुपारी सुरुंग उडाला आणि तळाच्या भेगेतून पाणी फुटलं. पंप लावले, पण पाणी चढतच राहिलं. माणसं वर पळाली, सगळी वाचली. कॉम्प्रेसरची शेड मात्र मशीनसकट बुडाली. मालकाने खाण सोडून दिली.

आता, १९९४ साली, ठाण्याचा एक क्लब तिथे पाणबुड्यांचा सराव घ्यायचा. प्रभाकर कारखान्यात नोकरीला होता, रविवारी क्लबात यायचा. त्याचा जोडीदार विश्राम कोपरच्या कोळीवाड्यातला, खाडीत वाढलेला, पाण्याला न भिणारा. प्रभाकर भ्यायचा. कोरडी पाहिलेली जागा पाण्याखाली बघायला त्याला नको वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"आज त्या शेडमध्ये शिरू या," सिलिंडर पाठीवर चढवताना विश्राम म्हणाला.

"आत नको रे. बाहेरूनच बघ."

"बाहेरून किती वेळा बघायचं?"

खाली पाणी हिरवट, थंड होतं. डंपरचा जुना रस्ता उतरत दोघे तळाला आले. शेडचं दार उघडंच होतं. प्रभाकरने मान हलवून नको म्हटलं, तोवर विश्राम आत गेलेला. पुढच्याच क्षणी दारातून चिखलाचा लोट बाहेर आला. मग आतून पत्र्यावर दणके बसू लागले.

प्रभाकरला वर जावंसं वाटलं. त्याने वर पाहिलंही. उजेड खूप लांब होता, आणि कुणाला बोलावून आणेपर्यंत विश्रामची हवा संपली असती. त्याने डावा हात पत्र्याला लावला आणि आत शिरला.

काहीच दिसत नव्हतं. स्वतःच्या श्वासाचा घरघराट तेवढा कानात. हात पत्र्यावरून सरकवत तो पुढे गेला, तोच हाताला पाय लागला. विश्रामने घाबरून लाथ मारली, प्रभाकरचा मास्क निघाला. डोळे मिटून त्याने विश्रामचा खांदा चाचपला, मग सिलिंडर. त्याच्या तोटीत जुन्या तारदोराचं वेटोळं अडकलं होतं. विश्राम ओढत होता, तसं ते आणखी आवळत होतं. त्याने ओढायचं थांबवावं म्हणून प्रभाकरने त्याला जमिनीवर दाबून धरलं. आपल्याला रडू येतंय हे त्याला कळत होतं. विश्राम निपचित झाला, तेव्हा तो मेला असंच प्रभाकरला वाटलं. वेटोळं सैल पडलं, प्रभाकरची बोटं सोलून सुटलं.

पत्रा धरून, विश्रामला ओढत तो दारापाशी आला. तिथे विश्रामने त्याचं मनगट घट्ट पकडलं. दोघे सावकाश वर आले.

काठावर विश्राम बराच वेळ खोकत राहिला. "मला वाटलं तू वर गेलास," तो म्हणाला.

"जाणार होतो."

घरी बायकोने, सगुणाने, बोटांना हळद लावली. "आता परत जाणार नाही ना?" तिने विचारलं.

प्रभाकरने रविवारची पिशवी खुंटीला परत टांगली.

पुढच्या रविवारी क्लबची माणसं पहारी घेऊन खाली उतरली, शेडचे पत्रे उचकटायला. विश्राम काठावर दोर धरून बसला. पाण्यात पाय घालण्याचं धाडस त्याला झालं नाही. प्रभाकर सगळ्यांच्या मागे उतरला, आणि खाली पोचेपर्यंत त्याने विश्रामच्या हातातला दोर सोडला नाही.