मौन धडा

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक. माझी मावशी गाडी शिकवते, माहितीये ना तुला? तिच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असलेली ती छोटी गाडी, टपावर पिवळी पाटी. आणि शिकवताना तोंडाचा पट्टा अखंड चालू. ‘गिअर आहे तो, खलबत्ता नाही.’ ‘आरशात बघ, पण स्वतःकडे नको.’

पण कधीतरी, एखाद्याच्याच वाट्याला मौन धडा यायचा. मधेच ती म्हणायची, ‘मैदानात घे. आता मी बोलणार नाही. हळूहळू गोल फिरव.’ आणि डोळे मिटून मागे रेलायची, पाय तेवढा ब्रेकवर. त्या धड्याचा काय भाव होता म्हणून सांगू. ज्याला मिळाला तो आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडायचा. मला मिळाला तेव्हा मी कॉलेजात नवी. संध्याकाळचं तिरकं ऊन, रिकामं मैदान, खिडकीतून येणारा गवताचा वास, आणि शेजारी मावशी, डोळे मिटून. घरी मला कुणी दुधावरसुद्धा लक्ष ठेवायला सांगायचं नाही गं. अजून आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

तर परवा माझं डोकं परत ठणकायला लागलं. मावशीच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, ‘ही अर्धशिशी. हिचे प्रकार असतात. तुझं अर्धं डोकं दुखतं, मळमळतं, उजेड नको होतो. काहींना दुखण्याआधी करवतीच्या दात्यांसारख्या चमकत्या रेघा दिसतात, नजरेचा तुकडाच गायब होतो. काहींना नुसती चक्कर. आणि काहींना नुसत्या रेघा, दुखणं शून्य. ते आमच्याकडे येतच नाहीत.’

जिन्यात मावशी म्हणाली, ‘रेघांचं काय एवढं कौतुक? त्या सगळ्यांनाच दिसतात की. जरा डोळे मिटले की जातात.’

माझा पायच अडला. ‘मावशी, मैदानात तेच व्हायचं?’

‘मग काय, अर्धं दिसत नसताना तुम्हाला भर रस्त्यात सोडू?’

‘म्हणजे माझ्यावर विश्वास वगैरे काही नव्हता.’

‘वेडी आहेस. दिसत नसताना तुझ्या शेजारी बसले, आणखी कसला विश्वास हवा?’

मी म्हटलं, चल, वर जाऊन सांगू. तिनं कठडा घट्ट धरला. ‘डॉक्टरीणबाई गाडी बंद करायला लावतील. मला दुसरं काय येतं गं?’

मी गेले वर. सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिलाही बोलावलं, तपासण्या लिहून दिल्या. दुखत नसलं तरी कारण नीट कळायलाच हवं म्हणाल्या, आणि तोवर गाडी नको, शिकवणंही नको. मावशीनं किल्ली माझ्या हातावर टेकवली. ‘घे, घरभेदी.’

आता गाडी फाटकात उभी आहे. शिष्यांचे फोन येतात, ती उचलत नाही. माझेही नाही.

खरं सांग, तू असतीस तर जिन्यातून परत वर गेली असतीस?