नवव्या काळीच्या जागी

मित्रांनो, मी ओव्हरकोटाचं एक जुनं बटण आहे. रंगाने काळं, अंगाने जाड, मधोमध चार भोकं. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला वाटेल, हे बटण फार जळकं आहे. वाटू द्या. ते खरंच आहे.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. आम्ही सात भावंडं एका पुठ्ठ्यावर बसून एका शिंप्याच्या दुकानात आलो. त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तेव्हा एका गिऱ्हाइकाचा ओव्हरकोट शिवायला घेतला होता. माझी सहा भावंडं कोटाच्या पुढे ऐटीत रांगेत बसली. मला मात्र मास्तरांनी आतल्या बाजूला, अस्तराच्या कडेला टाचलं. "एखादं तुटलं तर असू दे," ते म्हणाले. म्हणजे माझं काम काय, तर आपल्या सख्ख्या भावंडांपैकी कोणीतरी तुटायची वाट बघायची! सांगा, अशाने कोणाचा स्वभाव सरळ राहील?

बाहेर ती सहा ऊन खात, वारा खात. गिऱ्हाइकाची बोटं रोज त्यांना कुरवाळत. मी आत अंधारात त्याच्या पोटाचे आवाज ऐकत बसे. काही वर्षांनी ते पोट सुटलं आणि कोट सैल करायला परत दुकानात आला. शिवण उसवताना मास्तरांनी मला कातरीने काढून टेबलावर ठेवलं आणि परत लावायचं विसरून गेले. कोट गेला, मी राहिलो. सहांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. बटणांना वळता येत नाही हे मला कळतं, तरी राग आलाच.

दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून मास्तर गल्लीच्या टोकाला वायरमनच्या घरी कॅरम खेळायला जात. वायरमन म्हणजे विजेच्या खांबांवर चढून तारा जोडणारे. दोघे शाळेपासूनचे मित्र. चौघांच्या कॅरममध्ये जोडीदार एकमेकांसमोर बसतात, आणि खेळ चालू असताना जोडीदाराशी बोलायचं नसतं. हे दोघे इतकी वर्षं समोरासमोर बसले होते की त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती. मास्तरांनी भुवई उचलली की वायरमनना कळे, कोणती सोंगटी सोडायची. त्यांच्याविरुद्ध बेकरीवाले आणि चष्मेवाले खेळत. ते दोघे बहुतेक वेळा हरत आणि दोष पावडरला देत.

एका शनिवारी नऊ काळ्या सोंगट्यांपैकी एक हरवली. कॉट हलवली, सतरंजी झटकली, वायरमनच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तांदळाच्या डब्यातसुद्धा बघितलं. सापडली नाही. "करतो काहीतरी," असं म्हणून मास्तर दुकानात आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला कानशीने घासलं, माझी कड सपाट केली, काचेवर सरकवून बघितलं, पुन्हा घासलं. इतका वेळ आयुष्यात माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी नववी काळी म्हणून बोर्डावर उतरलो.

मला वाटलं, आता सुखाचे दिवस आले. पण बोर्डावर मधोमध लाल राणी बसली होती. जो तो तिच्यासाठी जीव टाकत होता. ती पॉकेटमध्ये गेली की घरभर आरडाओरडा, मी गेलो की "हं, पुढे." स्ट्रायकरला तर वायरमन तळहातात धरून ऊब देत, त्याच्यावर फुंकर मारत. माझ्यावर कधी कोणी फुंकर मारली नाही.

तरी माझ्या पोटात खरं दुखायचं ते त्या हरवलेल्या नववीमुळे. कितीही घासला तरी मी सरकताना किंचित डावीकडे जात असे आणि कधीकधी पॉकेटच्या तोंडाशी थबकत असे. मग कोणीतरी म्हणणारच, "ती असती तर गेली असती." ती असती तर! जी समोर नाही तिची बरोबरी कोणी कशी करायची? ती कधी चुकतच नव्हती, कारण ती कधी खेळतच नव्हती.

हळूहळू त्यांनी माझी खोड ओळखली. एखादा पाहुणा खेळायला बसला की वायरमन त्याला बजावत, "बाकीच्यांना कसंही मारा, बटणाला उजवीकडून मारायचं." हे वाक्य ऐकलं की माझी छाती फुगे. राणीबद्दल असं कोणी कोणाला बजावत नसे.

मग निवडणूक आली. एका पक्षाची खूण छत्री, दुसऱ्याची शिडी. भिंती रंगल्या, भोंगे लागले, आणि राजकारण चपला काढून वायरमनच्या खोलीत येऊन बसलं. वायरमन छत्रीच्या बाजूचे, बेकरीवालेही छत्रीचेच. मास्तर शिडीचे. चष्मेवाल्यांना विचारलं की ते चष्मा पुसत बसत.

सुरुवातीला सगळी थट्टाच होती.

"आयुष्यभर शिडीवर चढलास आणि मत छत्रीला?" मास्तर म्हणाले.

"दोनदा पडलोय शिडीवरून, म्हणूनच तर!" वायरमन म्हणाले, आणि चौघेही इतके हसले की आम्ही सोंगट्या जागच्या हललो. वहिनी आतून ओरडल्या, "बोर्डावर राजकारण नको हं!"

पण मग शिडीवाल्यांनी मास्तरांना झेंडे शिवायचं काम दिलं. आठवडाभर त्यांचं मशीन खडखडत होतं आणि वायरमन रोज दुकानावरून जाताना ते बघत होते. त्या शनिवारी ते तोंड फुगवूनच खेळायला बसले.

"झाले का झेंडे शिवून?"

"होतायत. का रे?"

"काही नाही. विचारलं."

"काम आहे ते माझं. छत्रीवाल्यांनी दिले असते तर त्यांचेही शिवले असते."

"हो ना. तुझ्या सुईला काय, कापड मिळालं की झालं."

बेकरीवाले हसले. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या सत्तेवरच्या छत्रीवाल्यांनी भर वादळात तुला खांबावर चढवलं. धड हातमोजेसुद्धा दिले नाहीत. आणि तू त्यांच्या घोषणा देत फिरतोस."

हे खरं होतं, म्हणूनच फार झोंबलं. वायरमन उठले आणि चष्मेवाल्यांना म्हणाले, "ऊठ, जागा बदल. मला शिडीवाल्याचा जोडीदार व्हायचं नाही."

"अरे, पण मी तर कोणाचाच नाही," चष्मेवाले म्हणाले.

"मग त्याच्यासमोर बस. होशील कोणाचा तरी."

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांच्या समोर वायरमन नव्हते. मास्तरांनी सवयीने भुवई उचलली. चष्मेवाल्यांना वाटलं, डोळ्यांत काही गेलं असेल.

खेळ कसला, ती मारामारीच होती. शेवटी मास्तरांनी राणी घेतली. आता लगेच एक काळी घातली तरच राणी त्यांची होणार होती, आणि पॉकेटजवळ काळा म्हणून मी एकटाच होतो. त्यांनी मला उजवीकडूनच मारलं, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती, वायरमनवर होती. मी सरकलो, पॉकेटच्या तोंडाशी आलो आणि थांबलो.

"बटणच ते!" वायरमन म्हणाले. "त्याला काय, जो पैसे देईल त्याच्या कोटावर जाऊन बसायचं."

आधी मला वाटलं, हे मला बोलले. मग मी मास्तरांचा चेहरा पाहिला.

"बटण माझं आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी मला उचललं आणि ते निघाले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. "भावजी, निदान चहा तरी..." त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत मास्तर जिना उतरत होते.

त्यानंतर मी मशीनच्या खणात राहिलो. शनिवारी संध्याकाळ झाली की मास्तर उगाच मशीनला तेल घालत बसत. घरी जाताना ते वायरमनची गल्ली टाळून लांबून जात. शेजारचा दुकानदार एकदा त्यांना म्हणाला, "तिकडे म्हणे बाटलीचं झाकण लावून खेळतायत." मास्तरांनी मशीनला आणखी तेल घातलं. माझा मात्र तिळपापड झाला. झाकण! माझ्या जागी! निदान त्याला चार भोकं तरी होती का?

एक दिवस एक बाई ओव्हरकोट घेऊन आल्या. पुढचं एक बटण तुटलं होतं. उरलेली पाच मी ओळखली, माझीच भावंडं. ज्याची मी वर्षानुवर्षं अस्तरात बसून वाट पाहिली तेच झालं होतं. मास्तरांनी मला खणातून काढून कोटावर ठेवून पाहिलं. घासलेली कड सोडली तर तंतोतंत जुळलो. मास्तरांनी मला थोडा वेळ बोटांत फिरवलं आणि मुठीत घेतलं. "नाही हो," ते त्या बाईंना म्हणाले, "असलं बटण नाही माझ्याकडे." त्यांनी कोटाला सहाच्या सहा नवी बटणं लावून दिली. माझी भावंडं डब्यात गेली आणि मी परत खणात, सगळ्यात वर. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला परत खेळायचं आहे. फक्त त्याला कोणी बोलवायला हवं होतं.

निवडणूक झाली. कोण निवडून आलं ते मला माहीत नाही, खणात फक्त ढोल ऐकू आले. उरलेल्या झेंड्यांचं कापड मास्तर मशीन पुसायला वापरू लागले.

आणि एका दुपारी वायरमन दुकानात आले. बसले नाहीत. खिशातल्या टेस्टरशी चाळा करत उभे राहिले.

"एक काळी कमी आहे," ते म्हणाले. "बटण हवं होतं."

"झाकण आहे ना तुमच्याकडे?"

"झाकण वाजतं. उलटं पडतं. बटणाची सर नाही त्याला."

मास्तरांनी मशीन थांबवलं. "बटणच ते, असं म्हणाला होतास."

"म्हणालो होतो." वायरमननी मान खाली घातली. "म्हणायला नको होतं."

मास्तर बराच वेळ धागा ओवत राहिले. सुईत धागा आधीपासूनच होता. मग त्यांनी खण उघडला. "घेऊन जा. पण बटण एकटं देत नाही मी. शनिवारी येतो."

वायरमननी मला शर्टाच्या खिशात टाकलं. टेस्टरच्या बाजूला आणखी कोणीतरी होतं. गोल, गुळगुळीत, काळं, काठावर पावडर चिकटलेलं. मित्रांनो, मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण लगेच ओळखलं. ती नववी होती!

"तू?" मी म्हणालो.

"मागच्या आठवड्यात सापडले," ती म्हणाली. "वहिनींनी कपाट सरकवलं, त्याच्यामागे होते. तेव्हापासून ह्यांनी मला खिशात ठेवलंय. कोणाला सांगितलं नाही. वहिनींनाही सांगू दिलं नाही."

माझ्या अंगाची आग आग झाली. अगदी पुरी, चकचकीत, सरळ जाणारी सोंगटी खिशात असताना हा माणूस माझ्यासाठी दुकानात मान खाली घालून उभा होता? मला काहीच उमगेना. एवढं मात्र उमगलं की ज्या दिवशी ही खिशाबाहेर येईल, त्या दिवशी मी संपलो.

शनिवारी मास्तर आले. जुन्या जागी बसले, समोर वायरमन. वहिनींनी न विचारता आधीच चहा आणला. बेकरीवाल्यांनी नव्या रस्त्याचा विषय काढला आणि शिडी-छत्री पुन्हा सुरू झालं. आवाजही चढले. पण ह्या वेळी कोणी जागेवरून उठलं नाही. मास्तरांनी भुवई उचलली आणि वायरमननी बरोबर ती सोंगटी सोडली.

मग वायरमन स्ट्रायकर मारायला पुढे वाकले. टेस्टरच्या टोकाने त्यांचा खिसा खाली उसवला होता. त्या भोकातून नववी निसटली, बोर्डाच्या कडेवर आपटली आणि घरंगळत मास्तरांच्या पायाशी जाऊन पडली.

चष्मेवाले चष्मा पुसू लागले. वायरमन पंख्याकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. माझा जीव चारही भोकांत गोळा झाला.

मास्तरांनी ती उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग बोर्डावर माझ्याकडे पाहिलं, मग वायरमनकडे.

"खिसा फाटलाय तुझा," ते म्हणाले. "टेस्टर ठेवत जाऊ नकोस त्यात. उद्या शर्ट दुकानात टाक, शिवून देतो. तोवर हे माझ्याकडे राहू दे." आणि नववी त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. "चल, तुझी पाळी. बटणाला उजवीकडून मार."

"माहितीये रे," वायरमन म्हणाले. त्यांनी मला उजवीकडून मारलं आणि मी थेट पॉकेटमध्ये गेलो.

आता दर शनिवारी मी बोर्डावर असतो आणि नववी कधी ह्यांच्या, कधी त्यांच्या खिशात. तिची कोणी आठवण काढत नाही. म्हणजे मी जिंकलो. पण खरं सांगू? ती त्यांच्या छातीशी असते, आणि खेळताना दोघेही मधूनच खिशाला हात लावून बघतात, आहे ना म्हणून. मला तिचा हेवा वाटतो.

मित्रांनो, तुम्हीही भांडाल. कोणी छत्रीचं असेल, कोणी शिडीचं. जरूर भांडा. पण रागाच्या भरात आपलं बटण उचलून घरी आणलंत, तर ते दुसऱ्या कोणाच्या कोटाला लावून टाकू नका. खणात सगळ्यात वर ठेवा. आणि कोणी ते मागायला आलं, तर त्याच्या खिशात काय आहे ते विचारू नका.