पुढचं डावं चाक का गळत होतं

मी सांगत होते आणि एकालाही खरं वाटत नव्हतं. मला तोंड नाही, कबूल. पण रोज सकाळी चाळीच्या फरशीवर काळा डाग टाकून सांगत होते. गाडीने याहून स्पष्ट काय बोलायचं? तर म्हणे, "म्हातारी झालीय, धरवत नाही तिला." बोलणारे कोण, तर जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकणारे. त्यांना स्वतःला काय धरवतं ते भिंत सांगेल.

मी पिकअप आहे, आणि आज माझी पाळी आहे बोलायची. जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात, जवानी घाटावरच्या दगडखाणीत. माझ्या चारही चाकांना जोर आहे. गिअरच्या शेजारचा छोटा दांडा ओढला की पुढची चाकंसुद्धा मागच्यांसारखी रेटायला लागतात. खाणीत त्याचं कोणाला कौतुक नव्हतं. दगड भरायचे आणि शिव्या द्यायच्या. खाण बंद पडली तेव्हा लालबागच्या गुरुदत्तने मला उचललं. चाळ हसली. "अरे गुरू, लालबागेत डोंगर कुठाय?"

डोंगर नाही, पण गिरगावची चौपाटी आहे. अनंत चतुर्दशीला मंडळांच्या गाड्या गणपतीसकट वाळूत रुततात. पोरं हात लावून मोरया मोरया करतात, घसे बसतात, चाक इंचभर हलत नाही. देवाला घरी पोचवायला तेव्हा मी लागते. साखळी अडकवायची, छोटा दांडा ओढायचा, निघाले बाप्पा. नमस्कार सगळे त्यांना. मला मात्र धूर सोडते म्हणून नावं.

बाकी वर्षभर रे रोडच्या वखारीतून बांबू आणि वासे आणायचे आणि मांडववाल्यांना पोचवायचे. गुरुदत्तची कंबर गेली तेव्हापासून हे काम त्याची बायको पद्मजा करते. ती अशी चालवते की करी रोडच्या पुलावर टॅक्सीवाले आपणहून बाजूला होतात. घर तिच्यावर चालतं आणि ती माझ्यावर.

राहिला हितेंद्र. गुरुदत्तचा धाकटा भाऊ. नोकरी कुठल्याशा टॉवरमध्ये, तिथे काय करतो ते चाळीत कोणाला नीट ठाऊक नाही. कागदावर मी दोघा भावांची, पण हा मला भेटतो दसऱ्याला. मला धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकांखाली लिंबं ठेवतो. मग रंगाचा डबा काढतो. त्याला चंदेरी रंगाचं वेड. "गाडी खालूनसुद्धा चमकली पाहिजे. लालबागची इज्जत आहे." माझ्याखाली आडवा होऊन पुढचा ॲक्सल, म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत जाणारी जाड लोखंडी नळी, अशी रंगवतो की लग्नातली समई वाटावी. मग माझ्याशेजारी उभा राहून फोटो. माझ्या पोटाखाली कोण बघणार होतं देव जाणे. कुत्री बघायची.

त्याने पहिल्यांदा रंगवलं त्या दिवाळीत मी गळायला लागले.

नळीच्या टोकाला आतून एक रबरी कडं असतं, त्याला ऑइल सील म्हणतात. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. डाव्या बाजूचं हरलं. तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं आणि ब्रेक दाबला की मी उजवीकडे ओढायला लागले.

डिलाईल रोडच्या दगडू मेस्त्रीने चाक काढलं, हब काढला, आतला दांडा बाहेर ओढला. जुनं सील उपटलं, जागा पुसली, नवीन सील पाइपचा तुकडा धरून ठोकत सरळ बसवलं. काम चोख होतं. हितेंद्रला पटलं नाही.

"दगडू, तू काय केलंस ते दिसतं कुठे? काम केलं तर दिसलं पाहिजे."

"आत बसलंय ते बाहेरून कसं दिसणार?"

"थांब, मी दाखवतो." आणि दसरा नसतानाही आला डबा घेऊन.

पुन्हा डाग पडला. पुन्हा सील. पुन्हा रंग. पुन्हा डाग. दगडू म्हणाला, माल डुप्लिकेट येतोय. हितेंद्र म्हणाला, वहिनी खड्ड्यात घालतात. पहिल्या मजल्यावरची आकांक्षा माझ्या तेलावरून घसरली आणि तिने माझ्या सात पिढ्या काढल्या. मला पिढ्या नाहीत, तरी काढल्या.

गणपती जवळ आले तेव्हा हितेंद्र वहिनीसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, हिचं झालं आता. कुर्ल्याचा भंगारवाला रविवारी येतोय."

"कोणाला विचारून?"

"दादाला विचारलं."

"दादा उताणा पडलाय. त्याला छताशिवाय काय दिसतं?"

"ब्रेक धड नाही तिचा. चौपाटीवर माणसं असतात. कोणाच्या अंगावर गेली तर?"

पद्मजाने माझ्या डाव्या चाकाकडे बघितलं. ते खोटं नव्हतं. मला तोंड असतं तरी नाही म्हणता आलं नसतं.

शनिवारी वासे भरून रे रोडहून आलो. उन्हात तापून नळी नुसती पेटली होती. पद्मजाने मला थेट दगडूच्या दारात घातलं, पाना मागितला आणि तेल किती उरलंय ते बघायला खाली शिरली.

"अगं, गार होऊ दे."

"उद्या भंगारात जाणार ती, आणि तू गार करत बसतोस."

तिने नळीचा बूच सैल केला आणि मी जे फुस्स केलं, ते समोरच्या पानवाल्याला ऐकू गेलं. तिच्या तोंडावर तेल उडालं. किती दिवसांनी मला श्वास सोडता आला. ढेकर म्हणा हवं तर, मला लाज नाही.

पद्मजा तोंड न पुसताच बाहेर आली. "दगडू, कुकरची शिट्टी जाम झाली तर वाफ कुठून जाते?"

"मला काय माहीत. जेवण बायको करते."

"रबरातून जाते. कडेने. आणि तुम्ही रबर बदलत बसलात. हिची शिट्टी कुठाय?"

दगडूने कपाळावर हात मारला. "ब्रीदर. टोपी असते छोटी. नळीवर."

दोघं बॅटरी घेऊन खाली. टोपी दिसेना. दगडूने पेचकसाने खरवडायला घेतलं तर चंदेरी पापुद्रे निघत राहिले, बर्फीवरच्या वर्खासारखे, एकाखाली एक. सगळ्यात तळाशी माझं नाक. गच्च बुजलेलं. त्यांनी ते साफ केलं, नवं सील बसवलं, ब्रेकचे तेलकट लायनर बदलले. रंग कोणी मारला नाही.

रविवारी भंगारवाला आला. पद्मजाने मला चाळीच्या गल्लीत वेगात आणलं आणि हितेंद्रच्या पुढ्यात ब्रेक दाबला. मी सरळ रेषेत उभी राहिले. तो मात्र वाकडा होऊन भिंतीला चिकटला.

"मी एवढ्या प्रेमाने रंगवायचो, वहिनी."

"प्रेमाने नाक बुजवलंस तिचं."

"मग दगडूने बघायला नको? मेस्त्री तो आहे."

"चुकलंच माझं," दगडू म्हणाला. "पण डबा तुझा, ब्रश तुझा, आणि फोटोसुद्धा तुझाच."

भंगारवाल्याने चहा संपवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मग न्यायचं कोणाला?"

त्या चतुर्दशीला मी चौपाटीवर गणपती ओढले. नळी तापली, नाकाने वाफ सोडली, रबर कोरडं राहिलं. आता सकाळी फरशी कोरडी असते. आकांक्षा अजून तिथून जपून जाते, सवयीने.

तुमच्या दारात एखादी जुनी गाडी गळत असेल तर एवढं करा. म्हातारी म्हणायच्या आधी खाली वाका, आणि तिला श्वास घेता येतोय का ते बघा. वाकायला कंबर लागते, हे मला माहीत आहे.

डब्यात थोडा चंदेरी रंग उरला होता. पद्मजाने तो माझ्या पुढच्या बंपरवर वापरला. तिचं अक्षर मोठं आणि वाकडं आहे, पण सिग्नलला थांबलेला माणूस आरामात वाचतो: नाकाला रंग लावू नये. याआधी लावणारा, हितेंद्र.