लोकरीच्या गोदामातलं कॉलेज

आमच्या कोकजार गावात मोठ्या माणसाला शिकायचं असेल तर पूर्वी दोनच वाटा होत्या. गाय विकून नारिन शहराच्या कॉलेजात जायचं, नाहीतर शिकायचा विचार मनातून काढून टाकायचा. बहुतेकांनी दुसरी वाट धरली. गाय दूध देते हे सगळ्यांना माहीत होतं, कॉलेज काय देतं याची कुणाला खात्री नव्हती. तिसरी वाट काढली ती माझ्या धाकट्या जावेनं. तिचं नाव केंजेगुल. मी तिला केंजे म्हणते, आणि रागावले की काहीच म्हणत नाही.

लग्नाआधी केंजे राजधानीत, बिश्केकला, जनावरांची डॉक्टरी शिकत होती. तीन वर्षं झाली होती. मग आमच्या घरात सून म्हणून आली आणि मामंजी म्हणाले, सुनेला एवढं शिक्षण पुष्कळ झालं. पुढे मुलगी झाली. ती चालायला लागल्यावर नवरा-बायको दोघंही मॉस्कोला गेले. तो तिथे बांधकामावर लागला आणि ही एका हॉटेलात भांडी घासायला. पोर माझ्याकडे वाढली. गेल्या उन्हाळ्यात केंजे एकटीच परत आली आणि पुन्हा जायचं नाव काढीना. मी विचारलं तर म्हणाली, "जाऊबाई, हाताच्या रेषा तर तिथल्या साबणानं गेल्या. डोक्यात उरलंय ते जायच्या आत कुणाला तरी देऊन टाकते."

नवऱ्यानं फोनवर बजावलं होतं, हिवाळाभर काय करायचं ते कर, तुझं कॉलेज टिकलं तर रहा, नाहीतर वसंतात गुमान इकडे ये. म्हणजे हे टिकलं नाही तर केंजे पुन्हा त्या भांड्यांत, आणि आईची नुकती कुठे सवय होत असलेली पोर पुन्हा माझ्या कुशीत. मला पोर जड नव्हती. पण रात्री ती आईचा हात धरून झोपायची ते मी बघत होते.

गावाबाहेर लोकरीचं जुनं गोदाम आहे. सरकारी मेंढ्या होत्या तेव्हाचं. छप्पर गळत होतं, आत कबुतरं नांदत होती. केंजेनं घरोघरी जाऊन अशारला, म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट हात लावायला, बोलावलं. कुणाचं घर उभं राहायचं असलं आणि अशारची हाक आली की आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, आजारी माणूससुद्धा निदान खिळे धरायला येतो. पण हे कुणाचंच घर नव्हतं, म्हणून लोक जरा घुटमळले. मग ती म्हणाली, हे सगळ्यांचंच घर समजा, आणि लोक आले. छप्पर झालं, चूल बसली, बायकांनी आपापल्या घरचे जुने नमदे, लोकरीचे जाड गालिचे, आणून जमिनीवर पसरले. शाळेतला एक टाकाऊ फळाही मिळाला.

फी म्हणजे चुलीसाठी शेणाच्या गोवऱ्यांचं एक पोतं. ज्याच्याकडे तेही नसेल त्यानं चहाबरोबर खायला नान आणायचा. आणि नियम एकच होता, इथे दोन गोष्टी शिकलात की आपल्याला येणारी एक शिकवायची. ट्रॅक्टरवाल्यानं विजेची जोडणी शिकवली. शिंपीणबाईंनी कापड बेतायला शिकवलं. मी नमदे शिवायला शिकवलं आणि दोन मिशीवाले बाप्ये माझ्यासमोर सुई-दोरा घेऊन बसले, त्यांच्या बायका खिडकीतून बघून पोट धरून हसत होत्या. मी स्वतः औषधांच्या बाटल्यांवरचं वाचायला शिकले. आठवीत शाळा सुटलेली बाई मी, पण त्या हिवाळ्यात चरबीचा हात पुसून वही उघडायची मला अशी काही गोडी लागली की स्वयंपाकघरात भांडं करपलं तरी शुद्ध नसायची. खरं सांगते, असं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

सगळ्यांत जास्त गर्दी केंजेच्या मेंढ्यांच्या धड्याला. गावचा जनावरांचा डॉक्टर केव्हाच शहरात गेला होता आणि मेंढी आजारी पडली की आम्ही तिच्याकडे बघत बसायचो, तेवढंच आमच्या हातात होतं. मात्र घोडं पेंड खात होतं ते इथेच.

दारासमोरच्या भिंतीपाशी, चुलीच्या उबेला, मानाची जागा. तिथे म्हातारे बसणार, त्यांच्याखाली वयाप्रमाणे बाकीचे, आणि दाराशी, काढलेल्या जोड्यांपाशी, सून. मग फळा कुठे लावणार? सुनेपाशी, दाराशी. म्हणजे ज्यांची नजर सगळ्यांत अधू ते फळ्यापासून सगळ्यांत लांब. गाव सगळं एका कुळाचं, त्यामुळे प्रत्येक पांढरी दाढी केंजेचा सासराच. त्यांची नावं तिनं उच्चारायची नाहीत, म्हणून हजेरी पहिल्याच दिवशी बारगळली. आणि सासऱ्यांकडे सुनेनं पाठ करायची नाही. आमच्या घरात ती चहा देऊन बाहेर जाते तेव्हासुद्धा उलट्या पावलांनीच जाते. आता मला सांगा, पाठ न करता माणूस फळ्यावर लिहिणार कसं?

ती तिरकी उभी राहून, तोंड म्हाताऱ्यांकडे ठेवून, हात मागे लांबवून लिहायची. बाई हुशार, हात मात्र बिचारा आंधळा. अक्षरं डोंगरावरून घसरलेल्या बकऱ्यांसारखी खाली यायची. आम्हाला निम्मं कळत नव्हतं. आणि शेवटी ती विचारायची, कळलं का, तेव्हा सगळे एका सुरात म्हणायचे, हो, छान कळलं. तिनं एवढ्या कष्टानं शिकवलं, नाही कसं म्हणायचं? म्हातारे तर सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणायचे. मीही म्हणायची. आमच्या गावात माणूस भुकेनं मरेल पण पाहुणचाराला नावं ठेवणार नाही, तशातला प्रकार.

त्यातून व्हायचं तेच झालं. असानकुल म्हणून पन्नाशीचा मेंढपाळ आहे, मामंजींची मेंढरं तोच राखतो. त्यानं फळ्यावरचं जंताच्या औषधाचं माप वहीत उतरवून घेतलं. फळ्यावर तीन होते, त्याला आठ दिसले. त्यानं मनोभावे आठाचं माप मामंजींच्या मोठ्या मेंढ्याला पाजलं. तो मेंढा म्हणजे मामंजींचा जीव की प्राण, आसपासच्या गावांतले लोक आपल्या मेंढ्या त्याच्याकडे घेऊन यायचे. संध्याकाळपर्यंत मेंढा गेला.

गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सुनेच्या कॉलेजनं सासऱ्याचा मेंढा मारला, हे दुसऱ्या दिवशी विहिरीवर, तिसऱ्या दिवशी बाजारात. एक बटाट्याचा व्यापारी बरेच दिवस त्या गोदामावर डोळा ठेवून होता, छप्पर आता आयतंच झालं होतं. गावच्या म्हाताऱ्यांपाशी त्यानं शब्द टाकला. म्हातारे म्हणाले, मामंजी सांगतील तसं. मेंढा त्यांचा, सून त्यांची.

असानकुल तर केंजेसमोर यायचाच बंद झाला. चूक कुठे झाली हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, माझे डोळे फुटले होते एवढंच म्हणायचा. आणि केंजेला वाटत होतं, आपणच माप चुकीचं सांगितलं. तिनं जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा काढून पाहिली. माप बरोबर होतं. मग ते चुकलं कुठे हे तिला उमगेना, आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलेलो.

चार-पाच दिवस असेच गेले. मामंजी जेवायला बसायचे, उठायचे. मग एकदा चहा पिताना माझ्याकडे बघून म्हणाले, कारण असं काही सांगायचं झालं की ते धाकटीला थेट सांगत नाहीत, "पुढच्या धड्याला मी येणार आहे. काय शिकवता ते बघतो. गावाला काय सांगायचं ते मग सांगेन."

केंजे पडद्याआड उभी होती. तिनं किटली खाली ठेवली आणि पुन्हा जुनी पुस्तकं काढायला गेली.

त्या दिवशी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मामंजी आत आले तसे सगळे उठून उभे राहिले, त्यांना मानाच्या जागी नेलं, पाठीला दोन उश्या दिल्या. केंजेनं वाकून नमस्कार केला आणि धडा सुरू केला. मुद्दाम तोच विषय घेतला, जंताच्या औषधाचं माप. मला तिचा राग आला, अगं बाई, आज तरी दुसरं काही घे. पण ती तशीच आहे. जिथे चुकलं तिथूनच पुन्हा चालायचं.

ती बोलत होती ते स्वच्छ होतं. मेंढीचं वजन हातानं कसं अजमावायचं, गाभण असेल तर काय सांभाळायचं. मामंजी ऐकत होते, एकदा तर त्यांनी मान हलवलेलीही मी पाहिली. मग ती खडू घेऊन फळ्याकडे सरकली, तिरकी झाली, हात मागे लांबवला.

मामंजी बराच वेळ डोळे बारीक करून फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थोरले, तिनं काय लिहिलंय?"

आता मी काय करावं? हो म्हणायची तोंडाला सवय झालेली. वहीत पाहून सांगितलं असतं काहीबाही. पण समोर, मेंढा गेल्यापासून पहिल्यांदाच आलेला असानकुल मान खाली घालून बसला होता, आणि दाराशी माझी जाऊ उभी होती, तिची पोर माझ्या मांडीवर.

"फळ्यावरचं मला वाचता येत नाही, मामंजी," मी म्हणाले. "हिवाळाभर नाही आलं."

 मग असानकुल हळूच म्हणाला, मलाही नाही. मग शिंपीणबाई, मग ट्रॅक्टरवाला. शेवटी मानाच्या जागेवरचे म्हातारेही एकेक करत कबूल झाले की त्यांना फळा आहे एवढंच दिसतं. केंजेचा चेहरा पांढरा पडला. एवढे दिवस आपण शिकवतोय असं तिला वाटत होतं आणि आम्ही तिला नुसते मान देत होतो. तिला रडू फुटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"नीट का लिहीत नाहीस?" मामंजींनी तिला विचारलं.  उत्तर मीच दिलं, आता तोंड उघडलंच होतं तर. "तुमच्याकडे पाठ कशी करेल ती, मामंजी?"

 मामंजींनी उश्या बाजूला सारल्या, काठी घेतली आणि ते उठले. आम्हाला वाटलं, संपलं, चालले घरी. गर्दीतून वाट काढत ते दारापर्यंत आले, जिथे आम्ही जोडे काढतो तिथपर्यंत. दोन जोडे काठीनं सरकवले आणि तिथेच, फळ्यासमोर, जमिनीवर बसले. मग काय, त्यांच्यापेक्षा वरच्या जागी बसायची कुणाची छाती? बाकीचे म्हातारे कुंथत उठले आणि त्यांच्या आजूबाजूला जोड्यांत येऊन बसले. मानाच्या जागी राहिल्या त्या नुसत्या उश्या.

"आता माझ्याकडे पाठ कर आणि सरळ लिही," मामंजी म्हणाले.

केंजे हलली नाही. खडू मुठीत दाबून तशीच उभी. मला वाटतं तिला करायचं होतं पण अंग ऐकत नव्हतं, एवढ्या वर्षांची सवय हाडात गेलेली.

मामंजींनी आवाज खाली आणला, पण शांतता इतकी होती की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "बाळ, तुझी शिकायची पुढची वर्षं मी खाल्ली. मीच नको म्हणालो होतो. ती असती तर आज गावाला डॉक्टर असता. मेंढा तुझ्यामुळे नाही मेला, माझ्यामुळे मेला. हे मी उद्या गावाला सांगेन. आज मला शिकव."

तेव्हा ती वळली. तिची पाठ मी घरात हजारदा पाहिली असेल, मामंजींनी पहिल्यांदा पाहिली. खडू सरळ चालला. एकेक आकडा असा ठसठशीत, की माझ्या मांडीवरच्या पोरीनंही मोठ्यानं वाचला. असानकुलनं वही तोंडावर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

मामंजींनी शेजाऱ्याकडून पेन्सिल मागितली. माझ्या वहीतलं एक पान फाडून घेतलं, गुडघ्यावर ठेवून फळ्यावरचं उतरवू लागले. लिहायची सवय गेलेली, जीभ दातांत धरून लिहीत होते. केंजे सगळ्यांच्या वह्या बघत बघत त्यांच्यापाशी आली. थांबली. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं.

"हे चुकलंय," ती त्यांना म्हणाली.

आमच्या घरात मामंजींना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नाही. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग थुंकीनं बोट ओलं करून पुसायला तयार ठेवलं आणि कागद तिच्यापुढे धरून म्हणाले, "कुठे चुकलं ते दाखव."