मनगटावरचे ठोके

कांबळे सिस्टरांची तर्जनी आधी आठवते, चेहरा मागून. साबणाने सालपटलेली, नख मुळापर्यंत कापलेली ती तर्जनी शिशिरात पानावरून पानावर दहिवर ठिबकावे इतक्या हलकेपणाने बाईच्या मनगटावर पडायची. गर्भवतीच्या पोटावर अ‍ॅल्युमिनियमचे छोटे नरसाळे टेकवून त्या कान लावीत, डोळे मिटीत, आणि आत ऐकू येणारे बाळाचे काळीज बोटाने आईच्या मनगटावर वाजवून दाखवीत. ही रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. जे आपल्याला ऐकू येते ते जिचे आहे तिला पोचावे, एवढाच त्यामागचा न्याय.

म्हसवडकडच्या कोरड्या मुलखात वाढलेल्या या बाईंच्या बोलण्यातही पाणी जपून वापरल्यासारखे शब्द जपून येत. कोयनानगरच्या आमच्या वसाहतीत त्या प्रसूतीच्या नर्स होत्या. मी धरणाच्या पाण्याची पातळी नोंदणारा कारकून. नव्वद सालानंतरची ती वर्षे. आमचा पहिला मुलगा जन्मजात व्याधीने अकराव्या महिन्यात गेला होता. माझ्या बायकोला, सुमनला, पुन्हा दिवस गेले तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी पोटात सुई घालून गर्भजल तपासण्याचा पर्याय सांगितला. व्याधी असली तर कळेल. सुईने गर्भ दुखावण्याचा थोडा धोकाही आहे. थोडा म्हणजे किती, हे मी तीनदा विचारले.

श्रावणातल्या एका ओल्या दुपारी तोच प्रश्न मी सिस्टरांपुढे ठेवला. त्या हसल्या. "आवं भाऊ, धरणाचं पाणी मोजता तसं ह्या पाण्याचं न्हाई. सुईनं वाईट सांगितलं तर काय करणार, ते दोघांनी आधी ठरवा. त्ये ठरत नसंल तर उत्तर घिऊन कुटं ठेवणार?"

माझी आई मध्येच म्हणाली, "आन् पोरगा का पोरगी तेबी कळंल की."

"मावशी, तुमी काय आभाळातनं पडलासा? तुमीबी पोरगीच हुता की कवातरी!"

सुमन खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला न्हाई करायची तपासणी. जे येईल ते माझं." मी मान डोलावली, मनात मात्र दोन रकाने आखून पुढचे पाच महिने रोज बेरीज करीत राहिलो. ती कधीच जुळली नाही.

माघात, सकाळी नऊला कळा सुरू झाल्या. सिस्टरांनी सुमनला निजू दिले नाही. तिचे हात स्वतःच्या गळ्यात घेऊन त्या तिला व्हरांड्यात झुलवत चालवीत होत्या, दोन झाडे एकाच वाऱ्यात हलावीत तशा. "जातं वडल्यागत श्वास सोड गं. लांब. कळ आली म्हंजी तेवडी एक सरली." दवाखान्याच्या त्या उघड्या खोलीत फिकट ऊन, डेटॉलचा वास आणि सुमनचा लांबत जाणारा हुंकार, एवढेच जग उरले होते.

मी दाराशी वही घेऊन बसलो होतो. सिस्टरांचे बोट वाजू लागले की घड्याळ लावून पंधरा सेकंदांचे ठोके लिहायचे. मला दुसरे काही येत नव्हते. चौतीस, सदतीस, पस्तीस, अडतीस. दुपारी दोननंतर एकतीस. मग सव्वीस. मग बावीस. सिस्टरांनी कराडहून गाडी मागवली. ती वळणांच्या रस्त्यावर कुठेतरी होती, आणि सुमन आता हलवण्यापलीकडे गेली होती. ती थकून म्हणत होती, "न्हाई हुत आता बाई, सोडा मला."

सिस्टरांनी पुन्हा नरसाळे टेकवले. बराच वेळ बोट हलले नाही. मग वाजू लागले. पस्तीस. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या वेळीही पस्तीस. त्याच्या पुढेही पस्तीस.

काळीज असे वाजत नाही. दिवसभरात एकही आकडा लागोपाठ दोनदा आला नव्हता. मी मान वर केली. नरसाळ्यावर कान तसाच, पण डोळे उघडे आणि माझ्यावर खिळलेले, बोट चालूच. मी वही मिटली.

"वाजतंय बघ सुमन. जोर कर, माझी बाय."

त्या ठोक्यांच्या आधाराने सुमनने उरलेले बळ गोळा केले आणि पाऊण तासाने ती मोकळी झाली. मुलगी होती, पण श्वास नव्हता. हातपाय धड, चेहरा शांत, गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. पाच महिने ज्या प्रश्नावर मी झुरलो तो प्रश्न हा नव्हताच. आईने पदर फाडून तिला गुंडाळले. सिस्टर भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. नळ बंद झाल्यावरही.

पुढे त्यांची बदली झाली आणि काही वर्षांनी त्या गेल्याचे कळले. त्यांनी केले ते बरे की वाईट, मला सांगता येत नाही. सुमन जगली, एवढे लिहिता येते. वहीतला तो आकड्यांचा कागद मी तिला दाखवलेला नाही.

पण हिवाळ्यातल्या दुपारी डोळा लागण्याआधी ती कधी माझे मनगट हातात घेते आणि त्यावर एक बोट वाजवते. मी घड्याळाकडे पाहत नाही. तरी इतके कळतेच की तिचे ठोके सारखे पडत नाहीत. पुढेमागे होतात, दमतात, मंदावतात, आणि दर वेळी एका ठिकाणी थांबतात. त्यानंतरचे पस्तीस ती कधीच वाजवत नाही.