सहा खुर्च्यांची तपासणी

अठरा पूर्ण झाली आणि सरकारनं जिच्याकडे सांभाळायला ठेवलं होतं, त्या मावशीचं घर तिला सोडावं लागलं. सरकारनंच मग खोलीचं भाडं आणि संसाराचं सामान मंजूर केलं. सरकारी खरेदीत खुर्च्या सहाच्या खाली मिळत नसल्यानं एकटीच्या खोलीत सहा आल्या. महिन्यानं सामान तपासायला साहेब आले. तिचं दार वाजवणारे ते पहिलेच.

"बसा ना, चहा टाकते."

"लाभार्थ्याकडे चहा चालत नाही," म्हणत ते निघाले.

"पण साहेब, खुर्ची मजबूत आहे का, हे बसल्याशिवाय कसं कळणार?"

साहेबांना ते पटलं. ते बसले, थोडे हलले. "ठीक आहे."

"ही एक झाली," तिनं दुसरी पुढे सरकवली. "सावकाश बघा."